आईच्या तोंडी न आलेला नळदुर्ग

नातू अमेरिकेत असतो. सुट्टीत तिथले जुने किल्ले बघत फिरतो आणि फोनवर त्यांची नावं माझ्याकडून म्हणवून घेतो. ‘टायकॉन्डेरोगा’ म्हणताना माझी कवळी सैल होते आणि तो खदखदून हसतो. हसू दे. किल्ल्याच्या नावावरून मीही एकदा आईला छळलंय, आणि ते काही हसण्यावारी गेलं नाही.

निजामाचं राज्य होतं. आम्ही धाराशिवला राहायचो. आईचं माहेर नळदुर्ग. शाळेतले उर्दूचे मास्तर ‘नलदुर्ग’ म्हणायचे, बाजाराला येणारी माणसं ‘नळदुरुग’. आई काहीच म्हणायची नाही. त्या नावात तिच्या सासूचं नाव होतं, आणि सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. सासू जाऊन वर्ष झालं तरी तिचा नेम सुटला नव्हता. ‘आमच्या गावी’, ‘किल्ल्याकडं’, एवढ्यावर ती भागवायची. किल्ल्यातल्या बांधावरून पडणाऱ्या पाण्याबद्दल मात्र बोलायला लागली की चुलीवरची भाकरी करपायची.

मी आठ वर्षांची, भारी आगाऊ. ‘एकदा म्हण की,’ म्हणून तिच्या मागं लागायचे. ती तोंडाला पदर लावून हसायची.

एक दिवस पत्र आलं. तिची आई अंथरुणाला खिळली होती, लेकीचं तोंड बघायचं म्हणत होती. वडील कामानं हैदराबादला गेलेले. आई मला घेऊन मोटारीच्या अड्ड्यावर आली. तिथं ही गर्दी! जो गाव सांगेल त्याला कंडक्टर वर घेत होता.

“बाई, किधर?”

“तुळजापूरच्या पुढं...”

“पुढं किधर? जल्दी बोलो!”

आईनं माझा दंड धरला. “सांग की गं.”

मला वाटलं, आज बरी सापडली. “मी न्हाय सांगत. तूच सांग.”

तिचे ओठ हलले, पण नाव बाहेर आलं नाही. मागच्यांनी आम्हाला बाजूला सारलं. मोटार भरली, निघाली. मग मी घाबरून नळदुर्ग, नळदुर्ग असं ओरडले. दुसरी मोटार थेट उद्या सकाळी होती.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर अंगणात बायका बसलेल्या. आदल्या संध्याकाळीच सगळं आटोपलं होतं. मामी आईच्या गळ्यात पडली.

“वन्सं, दिसभर दाराकडं डोळे लावून होत्या. मोटार आली का, मोटार आली का, येवढंच. काल का न्हाय आलात?”

मी आईच्या पाठीमागं तोंड लपवलं. आता ही सांगणार.

“पोरीच्या अंगात ताप होता, वैनी,” आई म्हणाली. आणि मला पुढं ओढून, सगळ्यांदेखत, माझ्या कपाळावर तिनं हात ठेवला, ताप उतरला का बघावं तसा.

तो हात मला अजून हवा आहे.