काढून ठेवलेली दारे

जुन्या भिंतीची धूळ जिभेला किंचित तुरट लागते. लहानपणी चोरून पाटीवरची पेन्सिल खाल्लेल्या कुणालाही ती चव तत्काळ ओळखू येईल. मागच्या उन्हाळ्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या जुन्या सेक्टरमधली प्राथमिक शाळा पाडत होते, तेव्हा रस्त्यापलीकडे उभी राहून मी ती धूळ गिळत होते. ज्या खोलीत मी पहिले अक्षर गिरवले, तीच भुगा होऊन माझ्या तोंडात येत होती, आणि शेजारी माझे बाबा उभे होते.

शाळा बंद पडून बरीच वर्षे लोटली होती. सेक्टरमध्ये मुलेच उरली नाहीत, ती पुण्याला, हैदराबादला निघून गेली. आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागल्यावर त्यांचे आईबापही पांगले, कुणी नेहरू नगरात, कुणी आमच्यासारखे कुरुदला. इमारत मात्र धडधाकट होती. हातभर जाडीच्या भिंती, उंच छत, लांबलचक ओसरी. ऐन वैशाखातही तिथे पाऊल टाकले की अंगावरून गार सावली फिरे. माणूस साठीचा झाला की त्याला निवृत्त करतात, पाडून टाकत नाहीत. मग इमारतीनेच असे कोणते पाप केले होते? वीट भाजायला किती कोळसा जळतो, किती पाणी आणि किती जणांचा घाम खर्ची पडतो, हे भट्टीच्या गावात राहणाऱ्यांना तरी सांगावे लागू नये. बाही फाटली म्हणून आपण सदरा चुलीत घालत नाही.

बाबा कारखान्यात फिटर होते. आई गेल्यावर, मी कामावर निघाले की दिवसभर त्यांच्याशी बोलणारे घरात कुणी नसे. त्यांच्या मनाने मग त्या रिकाम्या शाळेचा ध्यास घेतला. पांगलेल्या म्हाताऱ्यांनी दिवसा तिथे जमावे, एका खोलीत वर्तमानपत्रे, एका खोलीत कॅरम, कुणाला भोवळ आली तर टेकायला एक खाट, एवढाच त्यांचा मनोरथ. "मले घरी करमत नाही बाई," ते म्हणायचे, "तेथी चार माणसं तरी भेटतीन." त्यांचे जुने सोबती रामटेकेकाका यांच्यासह त्यांनी वसाहतीच्या कचेरीत अर्ज केला, आणि इमारतीची पाहणी करून निर्णय देऊ, असे आश्वासन मिळाले. कित्येक महिन्यांनी मी बाबांना शीळ घालताना ऐकले.

आणि मग त्यांनी ते केले, जे आयुष्यभर यंत्रे सांभाळलेली माणसेच करू जाणतात. रिकाम्या इमारतींची दारे-खिडक्या रातोरात भंगारात जातात. यंत्र दीर्घकाळ बंद ठेवायचे असले की चोरीला जाण्याजोगे सुटे भाग उतरवून, पुसून, तेल देऊन, नंबर टाकून जपून ठेवायचे, ही त्यांच्या हाडीमासी भिनलेली रीत. दोघांनी शाळेचे प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी बिजागऱ्यांसकट उतरवली, टेम्पोत घालून आमच्या अंगणात आणली, वर ताडपत्री ओढली. "परवानगी भेटली का लगेच लावून देऊ," बाबा मला म्हणाले. किती निश्चिंत झाले होते ते त्या दिवशी!

पाहणीला आलेली मंडळी न सांगता आली. त्यांना दिसली उघडीबोडकी भोके, वर्गात शिरलेली कुत्री, वाऱ्याने साचलेला पाचोळा. दारे चोरीला गेली, इमारत जीर्ण आणि धोकादायक, असा शेरा मारून ती गेली. बाबा रामटेकेकाकांसह धापा टाकत कचेरीत पोहोचले, सगळी दारे माझ्या घरी आहेत, चला दाखवतो, म्हणून विनवू लागले. साहेबांनी शांतपणे एवढेच विचारले, "किससे पूछकर निकाले, बाबूजी?" विचारले तर कुणालाच नव्हते. परतताना रामटेकेकाका म्हणाले, "वाचवाले गेलो अन् आपल्याच हातानं तिले मोडकी करून ठेवली."

आता त्या जागी फलक उभा आहे. त्यावर हिरव्यागार झाडांचे चित्र आहे आणि लवकरच येथे निसर्गस्नेही इमारत उभी राहील, असे वचन आहे. ओसरीला सावली देणारा कडुनिंब केव्हाच तोडला. नवे सिमेंट येईल, नव्या विटा भाजल्या जातील. उभ्या भिंतीपेक्षा निसर्गाला अधिक स्नेहाची अशी कोणती वस्तू ते बांधणार आहेत? तुम्हाला म्हणून सांगते, मला आता या गावाविषयी काही आशा वाटत नाही. जपणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्याच हातून हे घडले, आणि ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

दारे अजून आमच्या अंगणातच आहेत. वर्षभर बाबा अधूनमधून बिजागऱ्यांना तेल देत होते. परवा आभाळ भरून आले, वाऱ्याने ताडपत्री उडून कुंपणाला अडकली, तरी ते खुर्चीवरून उठले नाहीत. मी ओढायला धावले, तर म्हणाले, "राहू दे. भिजू दे त्यायले. आता कोणासाठी उघडाचे हायेत?"