अतुलची कानपिळी

साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळात कुणाचं लग्न ठरलं की हॉलच्याही आधी अतुलची तारीख विचारली जायची. नवरीचा सख्खा भाऊ पुण्याला नाहीतर नागपूरला, त्याला कधी रजा नाही तर कधी व्हिसा नाही. मग नवऱ्याचा कान पिळायला इथला कुणीतरी भाऊ हवाच. एकदा निकड म्हणून अतुल उभा राहिला आणि ते काम कायमचं त्याच्याकडे आलं.

बंदरावर कंटेनर उचलणारं उंच यंत्र चालवणारा हा माणूस. मान आखूड, मनगटं जाडजूड. इतर भाऊ कानाला नुसती बोटं लावून फोटोपुरतं हसतात. अतुल खरोखर पिळायचा. नवरा टाचा उंचावून विव्हळायचा, करवल्या हसून बेजार व्हायच्या, आणि त्या लाल झालेल्या कानात अतुल दर वेळी तेच वाक्य म्हणायचा, "रडवलंस तर कान परत मिळणार नाही." मग वरपक्षाने मान म्हणून दिलेला शर्टपीस काखेत मारून तो जेवायला बसायचा. त्याच्या बायकोच्या, सीमाच्या कपाटात अशा न शिवलेल्या शर्टपीसांची चळत झाली होती.

लोकांना ती गंमत वाटे. अतुलला मात्र वाटत नसे. कुणाला तरी आधीच दम देऊन ठेवावा लागतो, हे तो लहानपणीच शिकला होता.

सांगलीहून इथे आला तेव्हा तो चार वर्षांचा होता. धाकटा प्रणव इथेच जन्मला आणि आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. वडील मुरलीधर, म्हणजे अण्णा, केबलच्या कारखान्यात पाळीवर जात. त्यांचा कातडी पट्टा स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकलेला असे. खिळा वाजला की अतुल प्रणवला टेबलाखाली ढकलायचा आणि स्वतःची पाठ पुढे करायचा. पट्ट्याच्या बकलाची खूण अजून त्याच्या खांद्यावर आहे. शाळेत एका पोराने प्रणवचा चष्मा पायाखाली चिरडला, तेव्हा अतुलने त्या पोराचं तोंड सायकल-स्टँडच्या लोखंडी नळीवर आपटलं. दात तुटला. अतुल शाळेतून निघाला तो परत गेला नाही. प्रेम करायचं म्हणजे कुणाला तरी मारायचं, नाहीतर कुणाचा तरी मार खायचा. तिसरी रीत त्याला कुणी दाखवलीच नव्हती.

प्रणव शिकला, हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट झाला. अँब्युलन्सवर काम करणाऱ्या गॅरेथबरोबर तो चार वर्षं एका घरात राहत होता. गॅरेथ वेल्सचा, धिप्पाड, दिवाळीला येऊन चकल्या संपवणारा. घरात त्याला प्रणवचा फ्लॅटमेट म्हणत. अतुलला सगळं माहीत होतं. दोघांनी कधी तो विषय काढला नव्हता, पण एकदा गाडीत प्रणव म्हणाला होता, "दादा, तुला माहीत आहे ना?" आणि अतुल गिअर बदलत म्हणाला होता, "हं."

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीतला तो मंगळवार. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एकमेकांशी लग्न करता यावं, या विधेयकावर पार्लमेंटमध्ये दुपारपासून चर्चा चालू होती. अतुल आणि सीमा अण्णांच्याच घरी राहत. रिटायर झालेले अण्णा पार्लमेंट बघायचे तेही क्रिकेटसारखं, खेळाडूंना शिव्या देत. प्रणव संध्याकाळी कामावरून थेट आला आणि कोट न काढताच सोफ्यामागे उभा राहिला. पडद्यावर एक खासदार म्हणत होता की लग्नाचा अर्थ हजारो वर्षांपासून ठरलेला आहे, तो बदलायचा हक्क या सभागृहाला नाही. दुसरा उठला आणि आपणही त्यांच्यातलेच आहोत हे सांगायला लागला.

"बघ, बघ, लाज आहे का?" अण्णा म्हणाले. "असल्यांना चाबकाने फोडलं पाहिजे चौकात. सीमा, थालीपीठ करपतंय."

मतदानाची घंटा झाली. खासदार उठून दोन बाजूंच्या दारांनी बाहेर गेले. प्रणवची बोटं सोफ्याच्या पाठीत रुतली होती. निकाल आला. विधेयक मोठ्या फरकाने पुढे सरकलं होतं. प्रणव एकदम हसला, लहानपणी टेबलाखालून बाहेर येताना हसायचा तसा.

"अण्णा, मी लग्न करणार आहे. गॅरेथशी. लॉ पूर्ण पास झाला की."

अण्णा काठी टेकत उठले. पहिला फटका प्रणवच्या खांद्यावर बसला. दुसऱ्याने त्याचा चष्मा उडाला आणि भुवई फुटली. तिसरा फटका कपबशीवर बसून चहा भिंतीवर उडाला. "माझ्या घरात! माझ्या घरात हे!" अण्णा ओरडत होते. प्रणवने हातसुद्धा वर केला नाही.

"मारा," तो म्हणाला. "आता मी टेबलाखाली नाही जाणार."

अतुल खुर्चीतून उठून मध्ये शिरला, नेहमीसारखाच. अण्णांची बायपास होऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. पण या वेळी अतुलने मार घ्यायला पाठ पुढे केली नाही. त्याने प्रणवची कॉलर धरली.

"सॉरी म्हण आणि निघ! मरेल तो म्हातारा!"

"तूच सांग त्यांना, दादा. तुला माहीत होतं ना? तू सांग."

अतुलने मारलं. उघड्या पंजाने, डाव्या कानावर. ज्या हाताने तो नवऱ्यांचे कान पिळायचा, त्याच हाताने, आणि सगळ्या ताकदीने. प्रणव दाराच्या चौकटीवर आदळून खाली बसला. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली.

"अहो, काय केलंत हे!" सीमा उलथणं टाकून धावली.

प्रणवने तिचा हात बाजूला केला आणि भिंत धरून उभा राहिला. "अण्णा मारायचे आणि तू मारायचा नाहीस," तो म्हणाला. "एवढाच डिफरन्स होता, दादा. बाकी काहीच नव्हता आपल्या घरात." तो गेला. अण्णा खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी चहा मागितला.

कानाचा पडदा फाटला होता. पुढे ऑपरेशन झालं, तरी त्या कानाने प्रणवला जवळजवळ ऐकू येईनासं झालं. हे अतुलला सीमाकडून कळलं. भावाला फोन करायला त्याने पुष्कळदा हातात फोन घेतला आणि तसाच ठेवला.

जूनमध्ये विधेयक वरच्या सभागृहाकडे, लॉर्ड्सकडे गेलं आणि पुन्हा वाद पेटला. मंडळाच्या सभेत सेक्रेटरी शशिकांत उभा राहिला. या कायद्याला मराठी समाजाचा विरोध आहे असं मंडळाच्या नावाने लॉर्ड्सना कळवावं, अशी त्याची सूचना होती. दोन-तीन पोरं कुरकुरली. तेव्हा शशिकांतने सभा आपल्याकडे ओढायला विनोद केला.

"अहो, मंडळी, आपल्या अतुलचा तरी विचार करा! दोन्हीकडे नवरेच. कान कुणाचा पिळणार बिचारा? का आधी विचारणार, तुमच्यातली बाई कोण म्हणून? हां, घरचंच कार्य आहे, त्याला ठाऊक असेल म्हणा."

हॉल हसला. अतुल शेवटच्या रांगेतून निघाला, तो खुर्च्यांना वळसा घालून नाही, खुर्च्या उडवत. पहिल्याच ठोशात शशिकांतचं नाक मोडल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. तो बटाटेवड्यांच्या टेबलावर उताणा पडला. अतुलने कॉलर धरून त्याला उचललं आणि पुन्हा मारलं, आणि पुन्हा. पांढऱ्या टेबलक्लॉथवर चटणी कुठली आणि रक्त कुठलं ते कळेना. चार जणांनी ओढलं तेव्हा तो थांबला. मंडळाने त्याला काढून टाकलं. पोलिसांनी लेखी ताकीद दिली.

गाडीत बसताच सीमाने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "बरं वाटलं?"

"त्याने प्रणवला असं बोलायचं?"

"प्रणवचा कान शशिकांतभावजींनी नाही फोडला."

अतुलने गाडी कडेला घेतली. मुठीची सोललेली हाडं त्याने स्टिअरिंगवर टेकवली.

कायदा झाला. पुढच्या वसंतात अशी लग्नं सुरू झाली, आणि प्रणवचा सीमाला फोन आला. तिने स्पीकर लावून फोन मुद्दाम ओट्यावर ठेवला.

"वहिनी, दादा ऐकतोय ना? मी ये म्हणून रिक्वेस्ट नाही करत. पण गॅरेथला कान पिळून पाहिजे. त्याने सगळ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ बघितलेत. आणि माझा कान त्याची बहीण पिळणार. दोन्ही साइडने. नो बाई, नो प्रॉब्लेम, शशिकांतकाकांना सांग."

सीमा हसली. अतुल आपल्या पंजाकडे बघत होता. प्रणवच्या देखत हा हात पुन्हा कुणाच्या कानाकडे न्यायचा?

तो गेला. अण्णा घरीच राहिले. रजिस्ट्रारपुढे सह्या झाल्या आणि मग मागच्या हिरवळीवर हार घातले गेले. प्रणव सगळ्यांशी मान जरा डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून बोलत होता. अतुलला ते पहिल्याच मिनिटात दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना.

गॅरेथने वाकून कान पुढे केला. अतुलने त्याला बोट लावलं आणि काढून घेतलं.

"एवढंच?" गॅरेथ म्हणाला. "व्हिडिओत तर लोक किंचाळतात."

तेवढ्यात त्याची बहीण हसत हसत पुढे झाली आणि तिने प्रणवचा डावा कान पकडला.

"तो नको!" अतुल गरजला. त्याने तिचं मनगट असं आवळलं की ती किंकाळी फोडून मागे सरली आणि तिच्या धक्क्याने टेबलावरच्या ट्रेमधले ग्लास एकमेकांवर आदळून फुटले. गॅरेथचे दोन मामेभाऊ बाह्या सरसावत पुढे आले. अतुलने मनगट सोडलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"तो कान मी फोडलाय," तो इंग्रजीत म्हणाला. "दुसरा धर."

ते दोघे आणखी जवळ आले. मग गॅरेथने मामेभावांना हाताने थोपवलं आणि शांतपणे अतुलचाच कान चिमटीत धरला. "प्रणवने मला अर्थ सांगितलाय," तो म्हणाला. "ज्याच्याकडून इजा होईल असं वाटतं, त्याचा पिळायचा. बरोबर?"

त्याने पिळला. स्ट्रेचर उचलणाऱ्या हाताने, मनापासून. अतुलच्या टाचा उंचावल्या, कानशिलापर्यंत आग गेली, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने हात वर केला नाही. व्हिडिओ बघून पाठ केलेलं ते वाक्य गॅरेथने आपल्या वेल्श हेलात त्याच्या कानात एक एक शब्द सुटा करून म्हटलं, "रडवलंस. तर. कान. परत. मिळणार. नाही."

आधी प्रणव हसला. मग सगळे.

"आता मान द्यायला लागतो," सीमा म्हणाली आणि तिने पर्समधून एक न शिवलेला शर्टपीस काढून गॅरेथच्या हातात ठेवला. "आमच्याकडे पुष्कळ आहेत."

गॅरेथ ते कापड अंगाला लावून बघत बहिणीकडे गेला. अतुल लालबुंद कान घेऊन प्रणवच्या शेजारी उभा राहिला. खाली बघत तो म्हणाला, "चुकलं माझं."

प्रणव समोर बघून हसतच होता. अतुल त्याच्या डाव्या बाजूला उभा होता.

ते अतुलच्या लक्षात आलं. मग भावाला वळसा घालून तो उजवीकडे आला आणि त्याने तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं.