कुलूपवाल्याचं अनुमोदन

सेवा मंडळाची सभा महिन्यातून दोनदा, मंगळवारी संध्याकाळी सहाला, छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये भरते. कुलूपवाले पावणेसहालाच हजर. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. तिच्यावर दुसरा कोणी बसला, तर ते त्याच्या शेजारी उभे राहून इतक्या वेळा खाकरतात की तो बिचारा आपणहून उठतो.

मंडळाचा नियम साधा आहे. कोणतीही गोष्ट ठरवायची असेल तर एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने "अनुमोदन" म्हणायचं, मग हात वर. तो दुसरा म्हणजे चौदा वर्षं कुलूपवालेच. हॉस्पिटलला व्हीलचेअर द्यायच्या? अनुमोदन. शाळेतल्या पोरांना चष्मे? अनुमोदन. पंख्याला तेल घालायचं? मांडणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत अनुमोदन. मंडळात त्यांना पाठीमागे 'अनुमोदन' म्हणूनच ओळखतात, आणि घरीसुद्धा बायको म्हणते, "अहो, पडदे कुठले घेऊ ते सांगा. नुसतं अनुमोदन नकोय मला."

पण यंदा कुलूपवाल्यांना अनुमोदक राहायचं नव्हतं. मंडळाचा वर्षभराचा सगळा खर्च एकाच दिवसावर चालतो: जुन्या वस्तूंची विक्री. गावभरच्या माळ्यांवरून खाली आलेल्या सायकली, मिक्सर, पुस्तकं, पाळणे. त्या विक्रीचा प्रमुख असतो, त्याच्या छातीवर बिल्ला असतो आणि हातात माईक असतो. इतकी वर्षं गालिचेवाले प्रमुख होते. ते यंदा लेकाकडे राहायला गेले आणि जागा मोकळी झाली. चौदा वर्षं 'किरकोळ वस्तू' नावाच्या टेबलामागे उभं राहून बिनझाकणाचे डबे विकलेल्या माणसाला माईक मिळायला नको?

मिळाला असता. मध्ये बाई आल्या.

बाई ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. मंडळात येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झालेले. त्या सभेतही गाडी शिकवल्यासारखंच बोलतात. कोणी तावातावाने उठला की म्हणणार, "हळू, हळू. क्लच सावकाश सोडा, गाडी बंद पडेल." दोघं भांडायला लागले की, "आधी आरसा बघा, मग वळा." आणि हॉल हसतो! कुलूपवाल्यांना कळत नाही, यात हसण्यासारखं काय आहे? त्यांनी एकदा घरी आरशासमोर उभं राहून तेच वाक्य त्याच सुरात म्हणून बघितलं. बायको बाहेरून ओरडली, "कोणाशी बोलताय?"

खरी आग मात्र वेगळीच होती. सहा वर्षांपूर्वी कुलूपवाल्यांनी आयुष्यातली एकमेव सूचना केली होती: विक्रीच्या पहिल्या तासाला तिकीट लावा, ज्यांना चांगला माल आधी हवा ते आनंदाने देतील, बाकी दिवस सगळ्यांना मोकळं. तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "भंगार बघायला तिकीट? हे म्हणजे आमच्या दुकानात खोकायला पैसे!" अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. सगळे हसले, कुलूपवालेही हसले. आणि गेल्या सभेत बाई उठून म्हणाल्या, "पहिल्या तासाला तिकीट लावलं तर?" टाळ्या! तेच अध्यक्ष, तेच तोंड: "वा, बाई! याला म्हणतात डोकं!"

त्या रात्री कुलूपवाले नीट जेवले नाहीत.

"सेक्रेटरींना सांगून ठेवलंय," ते बायकोला म्हणाले. "ते माझं नाव सुचवणार. एकदा बिल्ला लागू दे, मग बघतो आरसा नि क्लच."

"तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं," बायको म्हणाली.

आला तो मंगळवार. अध्यक्षांनी घंटा वाजवली. "विषय तीन. एक चहाच्या आधी, दोन चहाच्या नंतर." सेक्रेटरी जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, त्यांचा आवाज नाकातून निघतो आणि नाकातच विरतो. त्यांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं: "पहिल्या तासास तिकीट लावावे, अशी अभिनव सूचना बाईंनी केली." अभिनव! कुलूपवाल्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा असा आवळला की तळव्यावर दात उमटले.

मग अध्यक्ष म्हणाले, "विक्रीसाठी प्रमुख. नावं सुचवा."

सेक्रेटरी उठायला लागले. पण सेक्रेटरींचं उठणं म्हणजे एक कार्यक्रम असतो. आधी चष्मा काढणार, मग पेनाला टोपण, मग टेबलावर दोन्ही हात. ते अर्ध्यात वाकलेले असतानाच मागून फुलवाला खणखणीत आवाजात बोलला, "मी बाईंचं नाव सुचवतो!"

"अनुमोदन!"

आवाज मोठा होता, स्पष्ट होता, आणि दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून आला होता.

सेक्रेटरी अर्धे उभे, अर्धे बसलेले, तसेच राहिले. कुलूपवाल्यांनी स्वतःचं तोंड हाताने झाकलं, पण त्यातून जे जायचं ते गेलं होतं. मंडळाचा आणखी एक नियम आहे: ज्याने एका नावाला अनुमोदन दिलं, त्याचं स्वतःचं नाव मग घेता येत नाही.

बाई खुर्चीसकट वळल्या. "तुम्ही, काका? मला तर वाटायचं, तुम्हाला मी डोळ्यांसमोर चालत नाही!"

काका! त्या पंचेचाळिशीच्या, हे अठ्ठावन्नचे. पण ते दुखणं आता कुठे काढायचं?

अध्यक्षांना कसला तरी वास आला असावा. "कुलूपवाले, मागे घ्यायचं असेल तर आत्ता घ्या. लिहून घेतो."

लिहून घेतो म्हटल्यावर कुलूपवाल्यांना ते वाक्य पुढच्या सभेत नाकातून ऐकू आलं: कुलूपवाले यांनी बाईंच्या नावाचे अनुमोदन मागे घेतले. मग सगळ्यांच्या माना वळणार. सगळ्यांना कळणार की याच्या पोटात दुखतंय.

"मागे कशाला?" ते म्हणाले. "दिलं ते दिलं."

हात वर झाले. टाळ्या झाल्या. चहा आला, पण त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात एका कपाटाची किल्ली कानशीने घासत होते, तर दारात बाई. काखेत जाडजूड वह्या. सेक्रेटरींकडून जुनी इतिवृत्तं वाचायला नेली होती म्हणे, विक्री कशी चालते ते समजायला. कोण वाचतं असलं? कुलूपवाल्यांनी चौदा वर्षांत एक पान उलटलं नव्हतं, आणि ही बया एका रात्रीत सगळं वाचून आली.

"काका, तिकिटाची कल्पना मुळात तुमची होती," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वीची. हे बघा, लिहिलंय. मला खरंच माहीत नव्हतं हो. पुढच्या सभेत दुरुस्ती करून घेते. तुमचं नाव लागायला पाहिजे."

कुलूपवाल्यांचं काळीज सुपाएवढं झालं. पण लगेच पोटात कळही आली: हा मोठेपणासुद्धा हिनेच मिळवायचा? मग ते तोंडभर हसले आणि चार माणसं म्हणतात तसं म्हणाले, "अहो, कशाला? राहू द्या."

"बरं," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तर राहू दे." त्यांनी वहीत खोचलेल्या कामांच्या यादीतल्या त्या ओळीवर काट मारली, वह्या उचलल्या आणि गेल्या.

कानस हातातच राहिली. राहू दे? एकदाच? माणूस नको म्हणाला तर निदान दोनदा आग्रह करायचा की नाही? आतल्या खोलीतून बायकोने डोकं बाहेर काढलं. "गेली? अहो, बसलात काय! पळा!"

कुलूपवाले पळाले. अॅप्रनसकट. नशीब चांगलं, बाई शिकाऊ गाडीत होत्या. स्टिअरिंगवर एक घामाघूम मुलगी, आणि गाडी बैलाच्या चालीने निघालेली. कुलूपवाले खिडकीशेजारून धावायला लागले. धावले कसले, भराभर चालले तरी पुरत होतं.

"बाई! ते... दुरुस्तीचं..."

"काय? मोठ्याने बोला, काका, एसी चालू आहे!"

"ती कल्पना..." समोर इस्त्रीवाला थांबून बघत होता. पानाच्या टपरीवरचे तिघं बघत होते. कुलूपवाल्यांनी डोळे मिटले आणि सहा वर्षांत प्रथमच, कोणाच्याही मागून न बोलता, स्वतःचं एक वाक्य अख्ख्या रस्त्याला ऐकवलं:

"ती कल्पना माझी होती! माझं नाव लिहा!"

दचकून मुलीने क्लचवरचा पाय उचलला. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली.

बाईंनी काच खाली केली. "होतीच तुमची. लिहितेच." मग मुलीकडे वळल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काही झालं नाही. न्यूट्रल. पुन्हा चालू कर."

मुलीने बाईंकडे असं बघितलं, की कुलूपवाल्यांकडे जन्मात कोणी तसं बघितलं नव्हतं. ते बघून त्यांच्या पोटात पुन्हा बारीकसं दुखलं. ते फुटपाथवर चढले, धाप आवरली, आणि टपरीवरच्या तिघांकडे वळून म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी! मी, मी सुचवलं होतं. विचारा हवं तर."

तिघांपैकी कोणालाही काही विचारायचं नव्हतं. कुलूपवाल्यांनी तरी पहिल्यापासून सांगायला घेतलं.