वरून ओतलेलं पाणी

ती माझ्या अकोल्यातल्या पुस्तकांच्या दुकानात यायची, पण कधी बसायची नाही. बोंडअळीच्या साली तिनं फेसबुकवर लिहिलं, की गावात कापूस वेचायला गेलं की तिच्या आईला अन् बाकी दलित बायांना पाणी अजून वरूनच ओंजळीत ओततात. शिव्या आल्या. तिनं एकेकाला उत्तर दिलं. पुढं त्याचंच पुस्तक झालं आणि सगळं चिडीचूप.

"भाऊ, कोणी काई बोलूनच नाई राहिलं," म्हणत ती फळीवरचं आपलं पुस्तक उगाच पुढं सरकवायची.

परवा तिनं अमरावतीच्या वाचनालयातली प्रत आणली. समासात कोणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'सगळं खोटं.' त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, 'हे पाणी म्या पेलं हाये.'

उत्तर लिहायला मी पेन पुढं केलं.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.