मला ॲनिमे आवडतं, ती माणसं नाही

मला ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, आवडतं हे मी आता कुणाला सांगत नाही. ते बघायची लाज वाटते असं नाही. सांगितलं की समोरचा लगेच डोळे बारीक करून हसतो, "अरे, तुम्ही पण?" म्हणतो आणि माझ्या शेजारी येऊन बसतो, त्याची मला भीती वाटते. भीतीसुद्धा नाही, किळस वाटते.

मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतला एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. माहेर जामखेडचं. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर आणि हंड्यांची रांग. लहानपणी एकदा पावसाळ्यात मावशीकडे डोंगराकडच्या अकोले तालुक्यात गेले होते, तेव्हा भाताची खाचरं पहिल्यांदा बघितली. जमिनीत आभाळ साचून राहिलंय असं ते दृश्य मी बांधावर उकिडवी बसून बघत राहिले होते, मावशी हाका मारून थकली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये शाळा बंद असताना, मोबाईलवर एक जपानी मालिका लागली. त्यात एक म्हातारा भात लावत होता. बाकी काहीच घडत नव्हतं. पाण्यात त्याचे पाय बुडाले, गढूळ झालं, मग हळूहळू निवळलं आणि त्यात ढग दिसायला लागले. कुणीतरी हे हाताने काढलं होतं. मी तो तुकडा आठ-दहा वेळा मागे नेऊन बघितला.

तेव्हापासून माझी आवड ठरली. ज्यात कुणी भाजी चिरतं, बसची वाट बघतं, चहाला उकळी येते, ते मला हवं. ज्यात केस उभे करून माणसं किंचाळतात आणि एक बुक्की मारायला चार भाग घेतात, ते मला बघवत नाही. आणि ज्यात शाळेच्या गणवेशातल्या मुलींकडे कॅमेरा मान वाकडी करून बघतो, ते तर नकोच. मी वर्गात रोज तशाच वयाच्या मुलींना पेन्सिल कशी धरायची ते शिकवते. मी ते लगेच बंद करायचे. पण हे बघणारे लोक आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच बसमध्ये असतील असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

नगरच्या ॲनिमे शौकिनांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने मला त्यात घेतलं. ही मुलगी कर्जतजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर मोठमोठ्या डोळ्यांची चित्रं काढायची. मी बाकीच्या शिक्षकांपासून त्या वह्या वाचवायचे. आता ती नगरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहत होती.

ग्रुपमध्ये शेदीडशे जण असतील, बहुतेक कॉलेजची मुलं. आधी मजा वाटली. मग एकेक कळायला लागलं. कुणी हिंदीतून बघतो म्हटलं की त्याच्यावर सगळे तुटून पडायचे. अर्धवट जपानी शब्द टाकून एकमेकांना मोठेपणा द्यायचे. चित्रातल्या मुलींना "माझी बायको" म्हणायचे आणि कुणाची बायको चांगली यावरून भांडायचे, तेही असल्या शब्दांत की मी मोबाईल स्टाफरूमच्या टेबलावर उलटा ठेवायचे. खऱ्या मुलींबद्दल मात्र त्यांचं एकच मत होतं, त्यांना भाव फार.

तरी मी ग्रुपमध्ये राहिले, ते एका माणसामुळे. चाळिशीतला, नगरमध्ये कॉम्प्युटरचे क्लासेस चालवणारा. त्याला चित्रातलं खरोखर कळत होतं. पाऊस पडताना दिसावा म्हणून किती चित्रं लागतात, कुठे हात आखडता घेतलाय, हे तो मला नीट समजावून लिहायचा. "मॅडम, इथे थांबवून बघा, वाफ कशी काढलीय." असं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. घरी नवरा "तुझी कार्टुनं" म्हणून चिवड्याची वाटी घेऊन बाहेर जायचा. त्यामुळे या माणसाने अधूनमधून लहान मुलींच्या चित्रांचे ओंगळ स्टिकर टाकले तरी मी काही बोलले नाही. एकदा तर मी हसण्याची खूणही पाठवली. ती माझ्याच हाताने पाठवली होती.

मार्च महिन्यात एका रविवारी ग्रुपने मेळावा ठेवला. नगरच्या सावेडी भागात एका मंगल कार्यालयाचा वरचा छोटा हॉल, पंखे फक्त आवाज करत होते. पोरं मालिकांतल्या पात्रांची सोंगं घेऊन, काळे लांब कोट घालून आलेली, घामाने पाठी चिकटलेल्या. विगखालून ओघळ येतायत, तोंडावरचा रंग मानेवर उतरलाय, आणि सगळीकडे डिओ आणि घामाचा मिसळलेला वास. एकाने पुरुषभर लांबीची उशी आणली होती, तिच्यावर अर्धवट कपड्यांतली मुलगी छापलेली. तो तिला शेजारच्या खुर्चीवर बसवून तिच्या तोंडाला वेफर्स लावत होता आणि बाकीचे फोटो काढत होते. मला वाटलं, उठावं आणि कर्जतची एसटी धरावी.

तेवढ्यात माझी विद्यार्थिनी आली. तिने एका लढवय्या राजकन्येचा पोशाख केला होता. निळा झगा, खांद्यावर घोंगडीसारखी घडी, कमरेला रुंद पट्टा. "आईनं शिवलाय, मॅडम," ती म्हणाली. "मी मोबाईलवर चित्र दाखवलं, तिनं पेपर कापून माप काढलं." आई गावात ब्लाउज शिवायची. झग्याची शिवण इतकी सुबक होती की मी काठ उलटून बघितला. मुलगी आनंदाने फुलून गेली होती. ती स्टेजची पायरी चढून वर गेली, झगा धरून गिरकी घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लासवाला खालच्या पायरीवर कॅमेरा घेऊन बसला होता. मला वाटलं, चांगला कोन शोधतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मधल्या सुट्टीत, मी ग्रुप उघडला. त्याने फोटो टाकला होता. खालून काढलेला. गिरकीतला झगा वर उडालेला क्षण त्याने नेमका पकडला होता, आणि खाली लिहिलं होतं, "एकदम ओरिजिनलसारखं." पुढे पोरांचे शेरे. ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या हातात पोळीचा तुकडा होता, तो मी परत डब्यात ठेवला आणि जाऊन चूळ भरून आले.

मी लिहिलं, "हा फोटो आत्ताच्या आत्ता काढा."

एकाने उत्तर दिलं, "मॅडम, कॅरॅक्टरच तसं आहे."

दुसरा म्हणाला, "ड्रेस घालून आल्यावर फोटो तर निघणारच ना."

क्लासवाल्याने लिहिलं, "मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्हाला कला कळते." पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.

मी मुलीला फोन केला. तिने सकाळीच बघितलं होतं. आवाज अगदी सपाट होता. "मॅडम, आईला सांगू नका. घरी कळलं तर कॉलेज बंद करतील." मी शब्द दिला. मग तिला विचारलं, "आपण दोघी त्याच्याकडे जाऊया का? तू नको म्हणालीस तर नाही." ती म्हणाली, "जाऊया."

शनिवारी सकाळची शाळा करून मी नगरला गेले. क्लासमध्ये सात-आठ मुलं टायपिंग करत बसली होती. तो आम्हाला बघून उठला, हसला. "या मॅडम, बसा ना. चहा सांगू?"

"फोटो कुठे कुठे आहे तेवढं सांगा," मी म्हटलं.

तो आवाज खाली करून बोलायला लागला. शालीन, समजूतदार आवाज, वाफेबद्दल लिहायचा तोच. "तुम्ही गैरसमज करून घेताय. आम्ही असं बघतच नाही. मला त्यात ही मुलगी दिसतच नाही, कॅरॅक्टर दिसतं."

"मला मी दिसते," मुलगी म्हणाली.

टायपिंग थांबलं. तिने हात पुढे केला आणि तळवा उघडा ठेवून उभी राहिली. शेवटी त्याने मोबाईल दिला. तिने फोटो शोधला. तिथे एक नव्हता, अकरा होते. इतर मुलींचेही होते. तिने स्वतःचे पुसले आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

"झालं? आता खूश?" तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, जणू मधे काही घडलंच नव्हतं, "मॅडम, त्या शेतीवाल्या मालिकेचा नवा भाग आलाय. बघितला का? पाणी काय काढलंय!"

मला त्या फोटोपेक्षाही या वाक्याची शिसारी आली. त्याला खरंच वाटत होतं की आम्ही दोघं एकाच गावची माणसं आहोत. आणि इतके दिवस होतोही. मी जिना उतरून खाली आले आणि गटाराच्या कडेला उलटी केली. मुलीने माझी पर्स धरली, पाण्याची बाटली दिली.

आठ दिवसांनी शाळेच्या ऑफिसातून निरोप आला, कुणीतरी भेटायला आलंय. मुलीची आई होती. उन्हातून आलेली, डोक्यावरचा पदर घट्ट, हातात कापडी पिशवी. फोटो फिरत फिरत गावात पोचला होता, पुतण्याच्या मोबाईलवर. मी तिला चित्रकलेच्या वर्गात नेलं, दार लोटलं.

"बाई, तुमाला ठाव हुतं?"

"हो," मी म्हटलं. "तिने सांगू नका म्हणून शब्द घेतला होता."

"मला सांगाया पायजे हुतं तुमी."

आता कॉलेज बंद केल्याचं ऐकायचं, अशी तयारी केली.

"कापड मी शिवलंय," ती म्हणाली. "आतून अस्तर हाय, चुन्या हायेत, समदं झाकलेलं हाय. त्यात काय वाईट न्हाई. वाईट त्याच्या डोळ्यात हाय. त्यासाठी माझी पोर का घरात बसंल?"

"आणि घरी?"

"तिच्या बापाला मी बघते. तुमी मला त्या मानसाचं नाव-गाव लिहून द्या. पोलिसात जायाचंय. पोरगी व्हय म्हनलीय."

आम्ही तिघी गेलो. तक्रार घेणारी बाई तरुण होती. तिला हा सगळा प्रकार समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. "म्हणजे कार्टूनचे कपडे?" असं तिने तीनदा विचारलं, पण लिहून घेतलं. त्याला बोलावलं, मोबाईल जमा केला. त्यात बाकीच्या मुलींचे फोटो होतेच. त्यांतल्या दोघी पुढे आल्या. प्रकरण अजून चालू आहे. क्लासेसची पाटी उतरली. ग्रुप बंद झाला आणि दुसऱ्या नावाने सुरू झाला, असं मुलगी सांगते. तिथे आम्हाला काय म्हणतात तेही तिने सांगितलं. मी ऐकून घेतलं.

पोलीस स्टेशनच्या बाहेर आम्ही लिंबाखाली बसलो होतो तेव्हा आई मला म्हणाली, "बाई, ते हाय तरी काय एवढं? दावा की मला." मी मोबाईल काढला. घाबरत घाबरत माझी ती आवडती मालिका लावली. तिने पदराने स्क्रीन पुसला आणि शांतपणे वीस मिनिटं बघितलं.

"ही पोर लईच वाळकी हाय," म्हाताऱ्याच्या नातीकडे बोट दाखवून ती म्हणाली. "हिला जेवाया देत न्हाईत का?" मग थोड्या वेळाने, "रोपं लई दाट लावलीत. पन पानी झ्याक काढलंय."

तिच्या शेजारी बसून बघताना मला त्याच भागात एक दृश्य दिसलं. नदीवर नातीची मैत्रीण पाय धुते, आणि चित्र तिच्या पायांवर नको इतका वेळ थांबतं. मी हा भाग किती वेळा बघितला होता, पण पाण्याच्या नादात हे कधी नजरेत भरलंच नव्हतं. आईने काही म्हटलं नाही. नुसती जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि तोंड वळवून बसची वाट बघायला लागली. मला वाटलं, मोबाईल त्या लिंबाच्या बुंध्यावर आपटावा.

अजूनही मी बघते. पण आता बोट बंद करायच्या जागेवर ठेवून बघते, आणि एखादं दृश्य आवडलं की आधी स्वतःचा संशय येतो. पूर्वी नुसता आनंद व्हायचा, तो आता होत नाही. त्या माणसाने माझं एवढं नेलं, आणि त्याची तक्रार कुठे लिहून घेत नाहीत.

दिवाळीनंतर पुण्याला मोठा मेळावा होता. मुलीने मला विचारलं, "मॅडम, येता का? आई येणारे माझ्यासोबत. तिनं झग्याच्या आत पायजमा जोडलाय." आई मागून फोनवर ओरडली, "बाई, या की! मी पिना घेतल्यात, कोन जवळ आलं तर टोचती."

मी हसले. दोघींना नीट जा म्हटलं. मी गेले नाही. त्या घामट हॉलचा नुसता विचार केला तरी माझ्या घशाशी येतं, आणि ते मला त्या दोघींना सांगायचं नव्हतं.