सुमनचा पांढरा उंबरा

बायांनो, आज मन लई खूश हाय, म्हणून नातीचा मोबाईल मागून घेतला. चुका पोटात घाला.

धाकट्या जावंनं, सुमननं, बीडात फ्लॅट घेतलाय. आज वास्तुशांती होती. दाराला पांढऱ्याशुभ्र मार्बलचा उंबरा. मी पाय टाकणार, तर सगळ्यांपुढं म्हणली, "अक्का, थांबा. तुमच्या भेगांतली माती लागंल." मग पायपुसण्यावर पाय घासत बसले. आमच्या शिरूरच्या रानातली माती, ती घासून जाती व्हय?

थोड्या येळानं तीच म्हणली, "अक्का, उंबऱ्याला हळद-कुंकू वाहा, लिंबू कापून ठेवा. मान मोठ्या जावंचा."

माझा पोरगा फरशी बसवतो. लिंबू मार्बलला खातं अन् हळद आत मुरती, हे त्याच्यामुळं मला ठावं. पण मान दिल्यावर न्हाई कसं म्हणावं? चांगलं रसाचं लिंबू निवडलं, अन् दोन्ही फोडी हळदीवर दाबून ठेवल्या.

दुपारी ती पुसायला गेली तर पिवळा डाग, मधी खरबरीत. सुमन रडाया लागली. मी पाठीवरून हात फिरवला अन् म्हणलं, "जाऊ दे गं. आता कुणीबी पाय ठेवला तरी चालतंय."

तुमी आधी सांगितलं असतं का? खरं सांगा.