आक्कांचा नेम आणि माझी रक्ताची गोळी

चि. अनघा आणि चि. निखिल,

तुमच्या आईच्या हृदयाचा ठोका बिघडला आहे, तो शॉक देऊन नीट करणार आहेत आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली आहे, हे काल फोनवर कळलं. लाइन खरखरत होती, त्यामुळे मला सांगायचं होतं ते राहून गेलं. तिने एवढंच विचारलं, "आई, ही गोळी बंद कधी होते गं?" त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. आषाढी एकादशी जवळ आली आहे, म्हणून आजच लिहायला बसले. एकादशीचा याच्याशी काय संबंध, ते पुढे येईलच. हे तिला मोठ्याने वाचून दाखवा.

माझंही हेच निदान झालं, तेव्हा तुमची आई कॉलेजात होती. उन्हाळा होता. जिना चढताना छातीत पाखरू अडकल्यासारखं व्हायचं. मी ते उन्हावर ढकललं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनगट धरलं आणि सोडलंच नाही. ईसीजी काढला. मोठ्या रुग्णालयातले हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "एट्रियल फिब्रिलेशन." म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. थरथरीने रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गाठ होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर माणूस लुळा पडतो. म्हणून अँटिकोअ‍ॅग्युलंट, म्हणजे रक्त लवकर गोठू न देणारी गोळी.

काही आठवडे गोळी घेऊन झाल्यावर कार्डिओव्हर्जन केलं. झोपेचं इंजेक्शन देतात आणि छातीवर विजेचा झटका देतात. मला काहीच कळलं नाही. जाग आली तेव्हा खसच्या कूलरचा वास होता, आणि छातीवर इस्त्री लागल्यासारखा लाल डाग. ठोका सरळ झाला होता.

मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता तर खरं सांभाळायचंय. ठोका सुधारला तरी वरचे कप्पे काही आठवडे सुस्तच असतात. गाठ याच दिवसांत होते. मी सांगेपर्यंत गोळी सोडायची नाही."

गोळी किती द्यायची ते प्रोथ्रॉम्बिन टाइम या तपासणीवरून ठरे. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते त्यात मोजतात. मी दर आठवड्याला रक्त द्यायला रुग्णालयातल्या लाकडी बाकावर जाऊन बसायची. हाताच्या शिरा दमल्या होत्या, मीही दमले होते. पण आकडा स्थिर असायचा, तेवढंच समाधान.

मग एकाएकी तो चढला. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. दंडावर निळे डाग उठले. एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. तुमच्या आजोबांनी मला स्कूटरवर बसवून रुग्णालयात नेलं. पदर भिजून गेला होता.

डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं आणि मला ठेवून घेतलं. रक्त थांबलं, पण त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. "गोळी दिली तर रक्त वाहतंय, नाही दिली तर गाठीची भीती. आणि हे झालं काहून तेच कळत नाही."

त्यांनी सगळं विचारलं. डोकेदुखीची गोळी घेतली का? वैद्याचा काढा? चुकून दोनदा गोळी घेतली? तुमचे आजोबा चिडले. "ही बाई घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावते डॉक्टर, ती गोळी दोनदा घेईल?" जेवण साधंच आहे, असं मी सांगितलं. ते खरंही होतं.

गोळीविना पडून राहण्याचे ते दिवस मला सगळ्यांत जड गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंड वाकडं वाटलं, हातातली शक्ती गेली, शब्द अडखळला, तर लगेच हाक मारा. मी सारखी बोटं मिटून उघडून बघायची.

दुपारी आक्का डबा घेऊन यायच्या. आक्का म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन रामटेकहून आपल्याकडे आल्या, त्या कायमच्या. स्वयंपाकघर त्यांचंच होतं. एकदा डॉक्टर फेरीवर असतानाच त्यांनी डबा उघडला. वरणभात, दोडक्याची भाजी, पोळी.

डॉक्टर सहज म्हणाले, "आज पातळ भाजी नाही का? नागपूरचं घर, अन् पातळ भाजी नाही?"

"चातुर्मास आहे न डॉक्टरसाहेब," आक्का म्हणाल्या. "एकादशीपासून पालेभाजी सोडली. चारही महिने घरात आणाचीच नाही. हिचं हृदय ठीक राहिलं पाहिजे म्हणून नेम धरला."

डॉक्टर माझ्या पलंगाच्या कडेवरच बसले. "आणि त्याच्याआधी?"

"आधी त रोजच. पालक, मेथी, चवळी, अंबाडी. हिले त्याच्याशिवाय जेवण जात नाही."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि त्याने रक्त गोठतं. गोळी नेमकी त्याच्याविरुद्ध काम करते. माझी मात्रा ठरली ती रोज पालेभाजीची पातळ भाजी खाण्याच्या दिवसांत. भाजी बंद झाली, गोळी तेवढीच राहिली, आणि ती मला भारी पडली. नेमाबद्दल डॉक्टरांना सांगायचं असतं, हे घरात कोणाच्याच मनात आलं नव्हतं. नेम हा देवाचा विषय, औषधाचा नव्हे.

आक्का पांढऱ्या पडल्या. "म्हणजे माह्या नेमानं हिचं रक्त गेलं?"

"तुमच्या नेमानं नाही, माझ्या न विचारण्यानं," डॉक्टर म्हणाले. "आता नेम मोडा. देवाला सांगा, डॉक्टरनं मोडायला लावला."

"देव येते का तुमच्या दवाखान्यात चौकशीले?" आक्का फणकारल्या. "नेम मी धरला, मीच पाळीन. हिनं काहून पाळावा?"

गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. भाजी रोज साधारण तेवढीच खायची, एक दिवस खूप आणि एक दिवस काहीच नाही असं नको, एवढी ताकीद मिळाली. कार्तिकापर्यंत आक्कांनी दोन चुली केल्यासारखा स्वयंपाक केला. माझी पातळ भाजी वेगळ्या पातेल्यात. त्या ती चाखत नसत, त्यामुळे मीठ बहुधा जास्त व्हायचं. मी मुकाट्याने खायची. एकदा तुमच्या आईने तोंड वेडंवाकडं केलं, तर आक्का म्हणाल्या, "खारट असन त पाणी पी वं, भाजीले नाव नको ठेवू."

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "आता बंद करू." ठोका सरळ होता, झडपा चांगल्या होत्या, धोका कमी होता. मी खूश व्हायला हवं होतं. झाले नाही. इतके दिवस नको वाटणारी गोळी मला राखणदार वाटू लागली होती. मी विचारलं, "परत काही होणार नाही ना?" ते म्हणाले, "तसं लिहून नाही देता येत बाई. पण आज ती घेण्यापेक्षा न घेणं बरं."

पुढे कित्येक सकाळी मी आरशासमोर उभी राहून हसून बघायची. तोंड सरळ आहे ना, दोन्ही हात सारखे उचलले जातात ना. आजाराने नाही, या पहाऱ्याने मला थकवलं. एका सकाळी आरशात बघायचं राहून गेलं, आणि ते मला संध्याकाळी आठवलं. त्या दिवशी मी बरी झाले, असं मी धरते.

तेव्हा तुमच्या आईच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: गोळी बंद कधी होते हे तिचे डॉक्टर सांगतील, मी नाही आणि तीही नाही. कोणाला थोडे आठवडे, कोणाला जन्मभर. पण ती तिकडे तुमच्या घरीही चातुर्मास पाळते, हे मला माहीत आहे. या वर्षी काय सोडणार आहे ते तिने देवाआधी डॉक्टरांना सांगावं. आक्का असत्या तर त्यांनीही त्याला नाव ठेवलं नसतं.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. छातीवरचा डाग कधीच गेला. माझा ठोका अजून सरळ आहे, आणि चातुर्मासात आपल्या घरी पातळ भाजी होते.

तुमची,
आजी